वैरशुद्धी आणि ‘रीक’ : एका मागे पडलेल्या इंग्रजी शब्दाच्या निमित्ताने

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात काडु मल्लेश्वराचे, म्हणजे रानातल्या मल्लेश्वराचे, जुने देवालय आहे. त्याच्या परिसरातील एका खडकावर इ. स. १६६९ मधील कन्नड लेख कोरलेला असून, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू एकोजीराजे यांनी मल्लपुरच्या मल्लिकार्जुनास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद त्यात आहे. १८९८ च्या प्लेगनंतर म्हैसूर सरकारने येथे जे उपनगर वसविले त्याने आपले नाव या देवावरूनच घेतले. लेख दानाचा आहे. परंतु ज्या घराण्याने हे दान दिले त्याच्या बंगळूर शाखेचे नाव मराठी बखरींतून आणि इतिहासकथांतून जेव्हा येते तेव्हा ते बहुधा दानाच्या संदर्भात येत नाही. ते फेडीच्या, म्हणजे घेण्याच्या आणि वसूल करण्याच्या, संदर्भात येते.

१६३८ नंतर शहाजीराजांचे वास्तव्य बंगळुरास होते. त्यांचे ज्येष्ठ पुत्र संभाजीराजे कनकगिरीच्या वेढ्यात पडले आणि त्या मृत्यूस अफजलखानाची दगलबाजी कारणीभूत झाली, अशी परंपरेची समजूत आहे. १६५९ च्या प्रतापगडच्या प्रसंगाकडे इतिहासकार राजकारण व आत्मरक्षण म्हणून पाहतात. लोककथा मात्र त्यात थोरल्या भावाच्या मृत्यूचा सूड पाहते. स्वतः शहाजीराजांना १६४८ मध्ये जिंजीच्या मोहिमेत कैद झाली. त्या कामी मुधोळच्या बाजी घोरपड्यांचा हात होता, आणि १६६४ मध्ये शिवाजीमहाराजांनी घोरपड्यांस मारून ते प्रकरण मिटविले. तिसरी कथा खुद्द एकोजीराजांची. १६७७ मध्ये वडिलार्जित मुलखाच्या वाटणीवरून दोघा भावांत तेढ आली, लढाई झाली, आणि पुढे तहात बंगळूर व लगतचा मुलूख एकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी म्हणून देण्यात आला.

एकाच घराच्या या तीन कथा सांगताना मराठी भाषा तीन निरनिराळे शब्द वापरते. पहिलीत सूड आहे, दुसरीत पारिपत्य, तिसरीत दावा. कोणत्याही मराठी वाचकास यांतील फरक कानाने कळतो. पण तो बुद्धीने सांगावा असे म्हटले की अडचण पडते. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्याची अडचण याहून मोठी. त्याच्या समोर ‘रिव्हेंज’, ‘व्हेंजन्स’, ‘रिटॅलिएशन’ असे शब्द येतात आणि तो त्या सर्वांवर ‘सूड’ या एकाच शब्दाचा शिक्का मारतो. ‘रिव्हेंज ट्रॅजेडी’ या नाट्यप्रकारास ‘सूडनाट्य’ हा प्रतिशब्द रूढ झाला तो याच सवयीने. हा प्रतिशब्द पुरेसा आहे काय, याचा विचार करण्यास इंग्रजीतील एक मागे पडलेला शब्द उपयोगी पडतो. तो शब्द म्हणजे ‘रीक’.

आजच्या इंग्रजीत ‘रीक’ हे केवळ क्रियापद उरले आहे, आणि तेही विध्वंस, अनर्थ, सूड अशा दोनचार ठराविक नामांच्या सोबतीनेच वावरते. त्याचे भूतकाळी रूप कोणते याविषयी इंग्रज लेखकच घोटाळतात आणि ‘वर्क’ या सर्वस्वी भिन्न धातूचे ‘रॉट’ हे जुने रूप त्याला चिकटवितात. परंतु शेक्सपिअरच्या काळापर्यंत ‘रीक’ हे नामही होते आणि त्याचा अर्थ सूड असा होता. ‘टायटस अँड्रॉनिकस’ आणि ‘कोरिओलेनस’ या दोन रोमन नाटकांत ते आढळते. त्यानंतर ते पुस्तकी झाले आणि मग कोशात जाऊन बसले.

प्राचीन इंग्रजीत ‘व्रेकन’ या धातूचा पहिला अर्थ सूड घेणे असा नव्हे. हाकणे, रेटणे, बाहेर घालविणे हा त्याचा मूळ अर्थ. गॉथिक भाषेत याच धातूला छळणे, पाठलाग करणे असा अर्थ आहे. जर्मन ‘राखं’ आणि डच ‘व्राक’ ही सूडवाचक नामे याच कुळातली. लॅटिनमधील ‘उर्गेरे’ म्हणजे रेटणे, ज्यावरून इंग्रजीत ‘अर्ज’ आला, त्याचा संबंध येथेच जोडला जातो. आणि संस्कृत ‘व्रज्’, म्हणजे चालणे, जाणे, हा धातूही काही तौलनिक भाषाशास्त्रज्ञांनी, प्रश्नचिन्ह ठेवून का होईना, याच रांगेत बसविला आहे. व्रज् विषयीचा संशय बाजूला ठेवला तरी मुख्य गोष्ट स्पष्ट आहे. जर्मानिक कल्पनेत सूड ही प्रथम गती आहे. कोणी तरी कोणाला तरी हाकलीत आहे.

या धातूची इतर अपत्ये पाहिली म्हणजे ही गोष्ट अधिकच ठसते. ज्याला हाकलून दिले तो ‘व्रेक्का’, म्हणजे हद्दपार झालेला, कुळाबाहेर पडलेला माणूस. या शब्दाची पुढची वाटचाल मोठी विलक्षण आहे. इंग्लंडात त्याचा ‘रेच’ झाला: दीन, करंटा, दयेस पात्र किंवा तिरस्कारास पात्र माणूस. जर्मनीत त्याच शब्दाचा ‘रेके’ झाला, आणि तेथे त्याचा अर्थ शूर योद्धा, वीरपुरुष. एकाच हद्दपाराकडे एका भाषेने कणवेने पाहिले आणि दुसरीने कौतुकाने. समुद्राने किनाऱ्यावर लोटून दिलेल्या फुटक्या गलबताला जो ‘रेक’ शब्द आहे तोही स्कँडिनेव्हियन वाटेने आलेला याच घराण्यातला. तेव्हा सूड घेणारा, देशोधडीला लागलेला आणि लाटांनी फेकून दिलेले लाकूड हे तिघे इंग्रजीच्या तळाशी एका धातूने बांधलेले आहेत. ‘कोरिओलेनस’मध्ये ‘रीक’ हे नाम ज्या भाषणात येते तेथे बोलणारा नायक आपल्या नगरातून नुकताच हाकलला गेला आहे, आणि त्याच वाक्यात ‘रिव्हेंज’ हे क्रियापदही आले आहे. शेक्सपिअरला व्युत्पत्ती माहीत होती असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु भाषेच्या जुन्या थरात जे साठलेले असते ते मोठ्या लेखकाच्या हाती योग्य ठिकाणी वर येते, एवढे मानण्यास प्रत्यवाय नसावा.

आता ‘रिव्हेंज’कडे वळले पाहिजे. हा शब्द फ्रेंचांबरोबर इंग्लंडात आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘विंदिकारे’ या धातूत आहे. रोमन कायद्यात ‘विंदिकारे’ म्हणजे एखाद्या वस्तूवर आपला हक्क सांगणे, न्यायासनापुढे ती आपली म्हणून मागणे. गुलामाला मुक्त करण्याच्या विधीत त्याच्या अंगावर जी काठी टेकवीत तिला ‘विंदिक्ता’ म्हणत. म्हणजे हा सारा शब्दपरिवार कचेरीतला आहे. जुना ‘रीक’ रानात आणि समुद्रावर हिंडतो. ‘रिव्हेंज’ कागद घेऊन हक्क मागतो. हे दोन थर एकमेकांवर बसले आणि वरच्याने खालच्याला झाकून टाकले. कायद्याचा शब्द टिकला, हद्दपारीचा बुजला.

मराठीतही असे थर आहेत, आणि ‘दावा’ हा शब्द त्यांचा उत्तम नमुना. अरबीतून फारसीच्या मार्गाने आलेला हा शब्द मूळचा हक्क सांगण्याचा, फिर्यादीचा. मराठीत त्याने हा अर्थ ठेवलाच, आणि शेजारीच वैर हा अर्थही घेतला. दावा कोर्टात लावतात, दावा साधतातही. दावेदार हा वारसा सांगणाराही असू शकतो आणि शत्रूही. ‘विंदिकारे’चा ‘रिव्हेंज’ होण्यास रोमपासून लंडनपर्यंत जो प्रवास घडला तो मराठीने घरातल्या घरात केला. कारणही उघड आहे. महाराष्ट्रात वैराचे मोठे क्षेत्र वतन हे होते, आणि वतनाचे वैर भावाभावांतच लागावयाचे. ‘भाऊबंदकी’ या शब्दाला आप्तपणा आणि कलह हे दोन्ही अर्थ एकदम आहेत. खाडिलकरांना १९०९ मध्ये आपल्या नाटकास दुसरे नाव शोधावे लागले नाही. कन्नडातला ‘दायादि’ हाही वाटेकरी भाऊबंद आणि त्याच्या मत्सरासह ओळखला जाणारा. एकोजी आणि शिवाजी यांच्यातील प्रकरणास सूड म्हणणे कोणासही रुचणार नाही. दावा म्हटले की ते तंतोतंत बसते, आणि तहाने मिटू शकते हेही त्या शब्दातच ध्वनित होते. सूड तहाने मिटत नाही.

मग ‘सूड’ म्हणजे काय? त्याचे मूळ संस्कृत ‘सूद्’ या नाश करण्याच्या धातूकडे नेण्यात येते. मधुसूदनातला तो हाच. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘भञ्ज्’ म्हणजे मोडणे या धातूचे जे प्राकृत आदेश दिले आहेत त्यांत ‘सूड’ हाही आहे. मोडणे, तोडणे, नष्ट करणे हा या शब्दाचा गाभा. फारसी ‘सूद’ म्हणजे व्याज, नफा. त्याच्याशी ‘सूड’ जोडण्याचा मोह कोणाला झाला तर त्यात नवल नाही, कारण सूड व्याजासकट घेण्याची भाषा मराठीत आहेच. पण तो केवळ नादाचा योगायोग आहे.

तथापि मराठीने या मोडतोडीच्या नामाला जी क्रियापदे जोडली ती पाहिली की त्या मोहाचे कारण समजते. सूड घेतात आणि सूड उगवतात. ‘उगवणे’ या सकर्मक क्रियापदाचे जुने अर्थ गुंता सोडविणे आणि येणे वसूल करणे असे आहेत; रोपाच्या उगवण्याशी त्याचा संबंध आज कानाला जाणवतो, पण तो अर्थ येथला नव्हे. उट्टे काढतात किंवा फेडतात. वचपा काढतात. परतफेड करतात. ‘बदला’ तर अदलाबदलीचाच शब्द. नाम विध्वंसाचे, क्रिया हिशेबाची: मराठी मनाने सूडाला वहीखात्यात बसविले आहे.

हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य नाही. अमरकोशात सूडासाठी वैरशुद्धी, प्रतीकार आणि वैरनिर्यातन हे शब्द आहेत, आणि नानार्थवर्गात ‘निर्यातन’ या शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत: वैरशुद्धी, दान, आणि ठेव परत करणे. ठेव परत करणे व सूड घेणे यांस एकच शब्द लावणारी भाषा वैराकडे कसे पाहत असेल याचा विचार करण्यासारखा आहे. शत्रूने केलेला अपकार ही जणू त्याने आपल्यापाशी ठेवलेली ठेव. ती जशीच्या तशी परत केली पाहिजे. आणखी मागे गेले तर आपस्तंब धर्मसूत्रात क्षत्रियाच्या वधाबद्दल सहस्र गाई, वैश्याच्या शंभर, शूद्राच्या दहा असे वर्णागणिक उतरते प्रमाण दिले आहे, आणि हे देणे ‘वैरयातना’साठी, म्हणजे वैराच्या फेडीसाठी, आहे असे म्हटले आहे. माणसाची किंमत जातीवर ठरविणारे हे कोष्टक आज वाचताना अंगावर येते. परंतु शब्दाच्या इतिहासाला त्याचे महत्त्व मोठे आहे. ‘वैर’ हा शब्द ‘वीर’पासून झाला, आणि वीर म्हणजे मूळ अर्थाने पुरुष, माणूस. प्राचीन इंग्रजीत मारलेल्या माणसाच्या किमतीला ‘वेरगिल्ड’ म्हणत. त्यातला ‘वेर’ हा संस्कृत ‘वीर’चाच सगोत्र आहे. वैदिक वाङ्मयातील ‘वैर’ हा शब्दही मुळात शत्रुत्वापेक्षा या वधमूल्याचा वाचक असावा असे मॅक्डोनेल व कीथ यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वैदिक सूचीत मांडले आहे. म्हणजे सॅक्सनांपाशी देणे फेडण्याचा मार्ग होता आणि हाकलण्याचाही. एकाला वेरगिल्ड हे नाव होते, दुसऱ्याला ‘व्रेकन’. देणे दिले नाही की हाकलणे सुरू होई. संस्कृताने आणि त्यामागून मराठीने पहिली कल्पना वाढविली, दुसरीला स्वतंत्र शब्द दिला नाही.

मल्लेश्वरमच्या बाजारात ऐकू येणारी कन्नड भाषा या बाबतीत मराठीच्या एक पाऊल पुढे आहे. कन्नडात ‘मुय्यि’ म्हणजे लग्नकार्यात दिलेला अहेर, जो घेणाऱ्याने पुढे देणाऱ्याच्या घरच्या कार्यात परत करावयाचा असतो. आणि ‘मुय्यि’ म्हणजेच सूड. तमिळमधील ‘मोय्’ हा अहेराचाच शब्द. मराठीत स्वकीयांनीच केलेल्या टीकेला ‘घरचा अहेर’ म्हणतात तेव्हा त्यात थट्टा असते. कन्नडात ती थट्टा नाही, तो शब्दाचा सरळ अर्थ आहे. येथे एक गमतीचा योग नमूद करावासा वाटतो. भीमाच्या प्रतिज्ञापूर्तीवर ‘गदायुद्ध’ हे काव्य रचणारा रन्न हा महाकवी मुधोळचा. ज्या मुधोळावर सात शतकांनंतर शिवाजीमहाराज वडिलांच्या अपमानाची फेड करण्यास चालून गेले तेच हे गाव. त्या काव्याला बी. एम. श्रीकंठय्या यांनी १९२६ मध्ये नाट्यरूप दिले आणि १९२९ मध्ये सोफोक्लिसच्या ‘एजॅक्स’वरून ‘अश्वत्थामन्’ हे नाटक हळेगन्नडात लिहिले. ग्रीक नाटकातला अपमानित वीर भारतीय प्रेक्षकांपुढे आणताना त्यांना अश्वत्थामा सुचावा ही मोठी मर्मज्ञ निवड होय. महाभारतात अश्वत्थामा रात्री शिबिरात शिरून सूड घेतो, आणि शेवटी तीन सहस्र वर्षे एकाकी भटकण्याचा शाप घेऊन निघून जातो. सूड घेणारा आणि हाकललेला येथे एकच आहेत. जुन्या इंग्रजीला या माणसासाठी शब्द होता. ‘वैरशुद्धी’ त्याला लागू पडत नाही, कारण त्याच्या सूडाने काहीही शुद्ध झाले नाही, आणि कोणाचेही येणे वसूल झाले नाही.

हिशेबी कल्पनेला सर्वांत सुंदर रूप भट्टनारायणाने ‘वेणीसंहारा’त दिले आहे. मोकळे सुटलेले केस पुन्हा बांधले जातात. संहार म्हणजे तेथे आवरून घेणे, आणि नाटक त्या बांधण्यावर संपते. परशुरामतात्या गोडबोल्यांनी ते मराठीत आणले आणि मराठी वाचकास ते परके वाटले नाही. याउलट आगरकरांनी ‘हॅम्लेट’ भाषांतरित केले तेव्हा त्याला ‘विकारविलसित’ (१८८३) असे नाव दिले. इंग्रजी नाट्यपरंपरेतील ज्या नाटकाच्या कथानकाचा कणा सूड हा आहे त्याच्या मराठी नावात सूडाचा मागमूस नाही. मनोविकारांचा खेळ आहे. हे आगरकरांच्या विवेकवादी प्रवृत्तीचे द्योतक आहे हे खरेच. पण ज्याची वही कधीच पुरी होत नाही, जो येणे वसूल करावे की नाही याच विचारात चार अंक घालवितो, त्याला मराठीतील सूडाचा शब्द चपखल बसत नाही, हेही त्या मार्मिक भाषांतरकाराला जाणवले असावे.

व्याकरणाची एक बाब येथे विचारात घेण्याजोगी आहे. मराठीत सूडाला षष्ठी लागते, आणि ती षष्ठी दुहेरी आहे. ‘त्याने खानाचा सूड घेतला’ या वाक्यात खान हा शत्रू. ‘त्याने भावाचा सूड घेतला’ या वाक्यात भाऊ हा मारला गेलेला आप्त असू शकतो, आणि वैरी भाऊही असू शकतो. एकोजीच्या घरात दोन्ही शक्य होते. प्राचीन इंग्रजीतील ‘व्रेकन’लाही मेलेला आप्त कर्म म्हणून चाले आणि ज्याला शासन करावयाचे तो अपराधीही चाले. पुढे इंग्रजीत अव्यये स्थिरावली आणि सूड कोणासाठी व कोणावर हे वेगळे झाले. मराठीनेही ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय स्वीकारून ‘त्याच्यावर सूड उगवला’ असे म्हणण्यास सुरुवात केली. परंतु जुनी षष्ठी गेली नाही. ती संदिग्धता दोष मानून काढून टाकण्याचे कारण नाही. सूड कोणाचा, या प्रश्नाला दोन उत्तरे असणे हे त्या विषयाच्या स्वरूपातच आहे.

या सर्व विवेचनाची कसोटी एका मराठी नाटकावर घेता येते. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. सत्तेचे नाटक, जातिवर्चस्वाचे नाटक, इतिहासाच्या विपर्यासाचे नाटक अशा अनेक अंगांनी त्यावर वाद झाले. सूडाचे नाटक म्हणून त्याचा उल्लेख होतो तो बहुधा ओझरता, आणि तोही हिशेबाच्या परिभाषेत: अपमान झाला, त्याची फेड झाली, फेड करणाऱ्याचीही शेवटी फेड झाली. ही मांडणी कथानकास लागू पडते, नाटकास नव्हे. कनोजहून पोट भरण्यास आलेल्या घाशीरामावर चोरीचा आळ येतो आणि त्याला मारहाण करून पुण्याबाहेर घालविले जाते. त्या क्षणी तो ‘व्रेक्का’ होतो. पुढे तो पोटची मुलगी नानांच्या स्वाधीन करून कोतवाली मिळवितो. हा ‘बदला’ या शब्दाच्या मूळ अर्थाने बदला, म्हणजे सौदा आहे, आणि नाटकातील एकमेव खरा हिशेब हाच. मुलगी मरते. त्या मृत्यूचे येणे ज्याच्याकडे आहे त्याच्यापर्यंत घाशीरामाचा हात पोचत नाही. मग त्याचा क्रोध शहरावर लोटतो, ज्यांचा त्या मृत्यूशी संबंध नाही अशांवर कोसळतो. यात कोणतीही ठेव परत केली जात नाही. ज्याला हाकलले तो आता इतरांस हाकतो आहे, एवढेच घडते. १७९१ मध्ये खऱ्या घाशीरामाला पुण्याच्या जमावाने दगडांनी ठेचून मारले. नाटकातील शेवटही तोच. जमाव त्याला पुन्हा हद्दीबाहेर, या वेळी जगाबाहेर, घालवितो, आणि ज्याच्या वहीत खरे देणे आहे ते नाना मंचावर सुखरूप उभे असतात. प्रेक्षकास जी अस्वस्थता जाणवते तिचे एक मूळ येथे आहे. मराठी शब्दांनी त्याला फेडीची अपेक्षा शिकविलेली असते, आणि समोर फेड नसते, रेटा असतो.

‘सूडनाट्य’ हा शब्द टाकून द्यावा असे यावरून ठरत नाही. तो ‘वेणीसंहारा’ला शोभतो, ‘गदायुद्धा’लाही शोभतो. परंतु ‘टायटस’, ‘कोरिओलेनस’, ‘घाशीराम’ आणि सौप्तिक पर्वातील अश्वत्थामा यांना त्याच दावणीला बांधले म्हणजे समीक्षक नकळत असा प्रश्न विचारू लागतो की हिशेब पुरा झाला काय, आणि तो झाला नसेल तर नाटककाराची रचना सैल ठरवितो. ‘घाशीराम’च्या उत्तरार्धाविषयी हा आक्षेप ऐकू येतो, तो नाटकापेक्षा प्रतिशब्दातून निघालेला आहे. मराठीत हाकलण्याचे शब्द विपुल आहेत: देशोधडी, हद्दपारी, वाळीत टाकणे, गावकुसाबाहेर घालविणे. ज्याला वाळीत टाकले त्याच्या सूडाला मात्र वेगळे नाव नाही. ही उणीव शब्दाचीच आहे की सूडाची गोष्ट आजवर कोणाच्या तोंडून सांगितली गेली यातून ती उद्भवली, हे पाहावयाचे तर बखरी आणि नाटके यांच्याबरोबरच गावकुसाबाहेरच्या आत्मकथनांकडे याच दृष्टीने वळावे लागेल. तेथील लेखकांनी सूड हा शब्द किती क्वचित वापरला आहे, आणि हाकलले जाण्याचे किती निरनिराळे शब्द वापरले आहेत, हे कोणीतरी नीट मोजून पाहण्यासारखे आहे.